अन्य क्षेत्र

कै. नेमगोंडा मगदूम सांस्कृतिक प्रतिष्ठान, सांगली.
बावीस वर्षं झाली, यांची मानपत्रं मी लिहिते.
कारण एवढंच की माझं अक्षर बरं आहे
आणि चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या बाईला
संध्याकाळी काही काम नसतं, असं सचिवांना वाटतं.
खाली सह्या अध्यक्षांची, सचिवांची.

कृषी, क्रीडा, वैद्यक, उद्योग, नाट्य.
माणसं दरवर्षी बदलतात, विशेषणं तीच.
बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या करून ठेवल्यात मी:
निःस्पृह. अष्टपैलू. व्रतस्थ.
एका द्राक्षबागायतदाराला चुकून 'ऋषितुल्य' गेलं,
पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या बायकोला
हसू आवरेना.

मानपत्र कुणी वाचत नाही.
निवेदक मोठ्यानं वाचतो, तेव्हा लोक
चहा कुठवर आला याचा अंदाज घेतात.
मग ते काचेत जातं,
काच भिंतीवर, भिंतीपुढे टीव्ही.

यंदा 'अन्य' हा रकाना रिकामा राहिला.
बैठकीत हळदीचा भाव झाला, हॉलचं भाडं, शालींचा दर,
आणि उठता उठता खजिनदार म्हणाले,
आयर्विनवरचा तो नदाफ घ्या की.
पाणी मोजतो तो.

बाबालाल दस्तगीर नदाफ.
एकतीस वर्षं पुलाच्या खांबावरचे आकडे वाचतो,
पावसाळ्यात तासातासाला, रात्रीसुद्धा,
टॉर्च दातात धरून वहीत लिहितो:
फूट, इंच, वेळ, सही.
चाळीसला इशारा. पंचेचाळीसला धोका.
त्याच्या आकड्यावर गाव अंथरुणं गुंडाळतं,
म्हशींची दावी सोडतं, पेठेतली पोती माळ्यावर चढवतं,
आणि आकडा सांगणारा कोण, हे विचारायला
तेव्हा वेळ कुणाला.

डबा उपडा केला.
एकही चिठ्ठी त्याला बसेना.
'व्रतस्थ' लिहून बघितलं, पण रोजंदारीवरच्या माणसाचं
व्रत कसलं, हजेरी असते.
शेवटी सरळ लिहिलं:
महापुराच्या रात्री पाणी सत्तावन्न फुटांवर गेले,
तरी आपण जागा सोडली नाही.
काळी शाई, कडेला हळदीच्या पानांची वेल.

नाट्यगृह अर्धं भरलेलं.
शाल, श्रीफळ, चांदीचा मुलामा दिलेली छोटी नाव.
नाव त्यानं जरा उलटी करून बघितली,
बुडाला भोक नाही ना, तशी.
मग मानपत्र हातात आलं
आणि तो ते वाचू लागला.
निवेदक थांबला.
फोटोवाला म्हणाला, चाचा, इकडं बघा.
त्यानं बघितलं नाही.
ओळीखाली बोट धरून, वही तपासावी तसा,
आणि सातव्या ओळीला
शर्टाच्या खिशातलं पेन काढलं.

सचिवांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मीच काहीतरी चोरलंय.

माईक जवळ होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं:
"सत्तावन्न फूट सहा इंच हुतं.
सहा इंच ऱ्हायलं बाईंचं.
आमची गल्ली त्या सहा इंचात गेली."

टाळ्या लगेच आल्या नाहीत.
मागं कुणीतरी खुर्ची सरकवली, तेवढाच आवाज.

दुसऱ्या दिवशी सचिव घरी आले, मानपत्र घेऊनच.
म्हणाले, नवीन लिहून द्या,
खाडाखोड बरी दिसत नाही.
मी कागद ताणून बसवला, शाई ढवळली.
दिवेलागणीपर्यंत तशीच बसून राहिले.

माझ्या वेलीच्या दोन पानांमध्ये,
निळ्या बॉलपेननं, जरा वाकडं:
६ इंच.
आणि पुढं, सवयीनं,
पहाटे ३. बा. द. नदाफ.